सदाफुलीचे पान: साखरेचा उतारा, कर्करोगाचे औषध आणि एकरी हिशेब



गेल्या उन्हाळ्यात एकाच आठवड्यात मला सदाफुलीबद्दल दोन फोन आले. पहिला सांगोला तालुक्यातल्या एका डाळिंब उत्पादकाचा. तेल्याने बाग गेली, काढून टाकली, दोन एकर रान मोकळे पडले. अशात एक जण त्यांच्याकडे येऊन गेला. सदाफुलीची रोपे आम्ही देतो, पाने आणि मुळे आम्हीच विकत घेतो, परदेशात कर्करोगाच्या औषधाचा तुटवडा आहे, रोप फक्त चार रुपयांना, असे त्याचे म्हणणे. सोबत मोबाइलवर बातमीचे कात्रणही दाखवले.

दुसरा फोन मराठवाड्यातल्या एका कृषी सहायक ताईंचा. त्यांच्या गावातल्या बचत गटातल्या चार-पाच जणी सकाळी अनशापोटी सदाफुलीची पाने चावून खात होत्या, कारण व्हॉट्सअॅपवर तसा व्हिडिओ फिरत होता. त्यातल्या एकीने साखरेची गोळी बंद केली होती. ताईंनी विचारले, "सर, पान खा म्हणून सांगू की नको?"

वरवर पाहता या दोन प्रश्नांचा एकमेकांशी संबंध नाही. पण दोन्हींच्या मुळाशी एकच अर्धे खरे बोलणे आहे: सदाफुलीत औषध आहे. औषध आहेच. मात्र ते पान चावणाऱ्याच्या पोटात कसे पोचते आणि पान पिकवणाऱ्याच्या खिशात किती पोचते, हे वेगळे प्रश्न आहेत. दोघांनाही मी फोनवर दिले ते उत्तर थोडक्यात असे होते: ताई, पान खायला सांगू नका, आणि दादा, रोपांचे पैसे अजून देऊ नका. का, ते इथे सविस्तर लिहितो.

सदाफुलीची ओळख करून द्यायला नको. तुळशी वृंदावनाच्या कडेला, शाळेच्या आवारात, एसटी स्टँडच्या भिंतीच्या फटीतसुद्धा ती उगवते. पांढरी किंवा गुलाबी फुले बारा महिने असतात, शेळी तोंड लावत नाही, पाण्याची मागणी नाही. मूळची ती मादागास्कर बेटावरची. शास्त्रीय नाव कॅथरॅन्थस रोझियस. पूर्वी तिला विंका रोझिया म्हणत, आणि तिच्यातून निघालेल्या व्हिनब्लास्टीन, व्हिन्क्रिस्टीन या औषधांच्या नावातले 'व्हिन' त्या जुन्या नावातून आले आहे.

आता साखरेची गोष्ट. ती नीट कळली तर पान का चावू नये हे वेगळे सांगावे लागत नाही.

वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटावर लोक मधुमेहावर सदाफुलीच्या पानांचा चहा घेत. १९५२ मध्ये तिथून थोडी पाने कॅनडातले डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे आली. त्यांनी ती आपले संशोधक भाऊ रॉबर्ट नोबल यांच्याकडे पाठवली. रॉबर्ट नोबल यांनी वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात उंदरांना पानांचा अर्क तोंडावाटे दिला, पण साखर उतरली नाही. मग अर्क टोचून पाहिला, तर उंदीर काही दिवसांत जंतुसंसर्गाने मेले. रक्त तपासले तेव्हा कारण सापडले: पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या होत्या. शरीराचे संरक्षणच खाली आले होते.

एखाद्याने तिथेच प्रयोग बंद केला असता. नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बिअर यांनी उलटा विचार केला. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, तिथे हाच गुण उपयोगी पडेल. त्यांनी अर्कातून व्हिनब्लास्टीन वेगळे केले आणि १९५८ मध्ये जाहीर केले. त्याच सुमारास अमेरिकेतली एली लिली ही कंपनीही सदाफुलीवर काम करत होती. तिथून व्हिन्क्रिस्टीन आले. अमेरिकेत १९६० च्या दशकात व्हिनब्लास्टीनला आणि १९६३ मध्ये व्हिन्क्रिस्टीनला मान्यता मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात त्या काळी बहुतेक मुले दगावत. आज चांगल्या केंद्रात, इतर औषधांच्या जोडीने, त्यातली बहुसंख्य मुले बरी होतात, आणि त्या जोडणीत व्हिन्क्रिस्टीन अजूनही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ही दोन्ही औषधे आहेत.

म्हणजे साखरेसाठी तपासलेल्या पानातून पेशींची वाढ थांबवणारे औषध निघाले. हे औषध पेशी दुभंगताना तिच्या आतला सांगाडा बनू देत नाही, त्यामुळे पेशी वाढत नाही. कर्करोगाच्या पेशीला ते लागू आहे, तसे अस्थिमज्जेतल्या आपल्या चांगल्या पेशीलाही लागू आहे. म्हणून रुग्णालयात ते शिरेतून, मिलिग्रॅममध्ये मोजून, रक्त तपासत दिले जाते. व्हिडिओतला माणूस मात्र "पाच पाने चावा" म्हणतो. कोणत्या झाडाची, किती वयाची, कोणत्या महिन्यातली पाने? सदाफुलीत शंभराहून अधिक अल्कलॉइड नोंदलेले आहेत आणि त्यांचे प्रमाण वाणानुसार, हंगामानुसार, पानाच्या वयानुसार बदलते. काही रक्तदाब उतरवतात. पाच पानांचा डोस म्हणजे नक्की काय, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते.

प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत पानांच्या अर्काने साखर उतरलेली दिसली आहे, हे खरे आहे आणि व्हिडिओवाले तेवढेच सांगतात. माणसांवर गोळीच्या जागी वापरावे असा भक्कम पुरावा नाही. उलट सदाफुली पोटात घेतल्याने रक्तपेशी धोकादायक घटल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. गरोदर बाईने तर या झाडाच्या वाट्याला जाऊच नये. आणि गोळी चालू ठेवून वर पाने खाल्ली, तर साखर अचानक खाली जाऊन चक्कर येण्याची भीती वेगळीच.

कृषी सहायकांना आणि कृषी मित्रांना इथे एक सांगावेसे वाटते. पान खाणाऱ्या बाईला हसू नका. तिला गोळी रोज आणायला, रोज खायला कंटाळा आलेला असतो, आणि अंगणातले झाड फुकट व आपले वाटते. तिला एवढेच विचारा की शेवटची तीन महिन्यांची साखर कधी तपासली होती. तपासली नसेल तर आरोग्य उपकेंद्रात पाठवा. जाता जाता हेही सांगायला हरकत नाही की जी मेटफॉर्मिनची गोळी ती बंद करायला निघाली आहे, तिची वाटही एका फुलझाडापासूनच सुरू झाली. युरोपातल्या गॅलेगा नावाच्या वनस्पतीतल्या द्रव्याच्या अभ्यासातून या गटातली औषधे पुढे आली. फरक इतकाच की ते द्रव्य जसेच्या तसे विषारी होते, म्हणून त्यावर काम करून, मोजून, तपासून गोळी झाली.

आता पैशाची बाजू, जी या संकेतस्थळाच्या वाचकांना अधिक जवळची.

कात्रणातला तुटवडा खोटा नव्हता. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हिन्क्रिस्टीन मिळेनासे झाले, मुलांचे उपचार अडकले, मोठी ओरड झाली. पण कारण काय होते? तिथे औषध पुरवणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एकीने उत्पादन बंद केले आणि दुसरीच्या कारखान्यात उशीर झाला. औषध जुने आहे, पेटंट केव्हाच संपले आहे, नफा थोडा, म्हणून बनवणारेच कमी. अशा तुटवड्यात बाजारात औषधाची कुपी नसते, पण त्यामुळे कारखान्याच्या दारात सुक्या पानाचा भाव वाढेल असे नाही. साखर कारखाना बंद पडल्यावर उसाचा भाव वाढतो का, हा प्रश्न स्वतःला विचारा.

दुसरे, औषध किती लागते ते बघा. व्हिन्क्रिस्टीनचा एका वेळचा डोस साधारण २ मिलिग्रॅमच्या वर जात नाही. म्हणजे १ ग्रॅममध्ये ५०० डोस आणि १ किलोत ५ लाख. एकूण गरज टनांत मोजण्यासारखी नाही. आणि पानात हे द्रव्य किती? १ ग्रॅम व्हिनब्लास्टीन काढायला सुमारे ५०० किलो सुकी पाने लागतात, व्हिन्क्रिस्टीन त्याहूनही कमी निघते. म्हणून उद्योग आता बहुधा पानात जास्त प्रमाणात असलेली व्हिंडोलीन आणि कॅथरॅन्थिन ही दोन द्रव्ये काढून पुढे जोडतो. "एका ग्रॅमला लाखो रुपये" असे योजनावाले म्हणतात ते काढलेल्या, शुद्ध केलेल्या औषधाबद्दल असते. तुम्ही विकणार आहात तो पाला. त्या पाल्यातून औषध वेगळे करण्याचा सगळा खर्च आणि सगळे कसब कारखान्याचे, आणि भावही तोच ठरवणार.

प्रचलित लागवड मार्गदर्शिकांत कोरडवाहू सदाफुलीचे हेक्टरी उत्पादन सुमारे २ टन सुकी पाने आणि ०.७५ टन सुकी मुळे असे धरतात. बागायतीत पाने ३.६ टन आणि मुळे १.५ टनांपर्यंत. एकरात बोलायचे तर कोरडवाहू ८०० किलो पाने, ३०० किलो मुळे. हे वर्षभराचे, आणि चांगले पीक आले तर. पानाचा दर किलोला ३० रुपये धरला तर ८०० किलोचे २४ हजार होतात, ६० धरला तर ४८ हजार. हे दर मी केवळ हिशेबासाठी घेतले आहेत, तुम्हाला जो दर लेखी मिळेल तो त्या जागी घाला. मुळांचे वेगळे मिळवा. मग त्यातून दोन-तीन वेळा पाने खुडण्याची, सावलीत वाळवण्याची, मुळे खणून धुण्याची मजुरी वजा करा. आपल्याकडे आज मजूर कोणत्या दराने मिळतात ते मी सांगायला नको.

आणि आता रोपांचा हिशेब. ४५ बाय ३० सेंटिमीटर अंतराने हेक्टरी सुमारे ७४ हजार रोपे बसतात, म्हणजे एकरी ३० हजार. चार रुपये दराने एकराला १ लाख २० हजार, दोन एकराला २ लाख ४० हजार. सांगोल्याच्या त्या भावांना मी हा आकडा सांगितला तेव्हा फोनवर थोडा वेळ शांतता होती. त्यांनी एका रोपाचा भाव ऐकला होता, गुणाकार केला नव्हता. तेच रोप तुम्ही स्वतः बियांपासून केले तर रोपवाटिकेसाठी हेक्टरी ५०० ग्रॅम, एकरी २०० ग्रॅम बी पुरते. थेट पेरायचे तर हेक्टरी अडीच किलो, वाळूत मिसळून. सदाफुली उगवायला काही कौशल्य लागत नाही हे तुमच्या अंगणानेच दाखवले आहे.

म्हणजे रोप विकणाऱ्याचा धंदा लागवडीच्या दिवशीच पूर्ण होतो. पाने खरेदी करायला तो आला काय, न आला काय. पंचवीस-एक वर्षांपूर्वी सफेद मुसळीचे कंद असेच सोन्याच्या भावाने विकले गेले, पुढे इमूची पिल्ले आली. आपल्या भागातल्या जुन्या मंडळींना या दोन्हींचा शेवट आठवत असेल. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः एका मेळाव्यात मुसळीची स्तुती करून आलो होतो, कारण मला दिलेल्या पत्रकात तसे छापले होते. खरेदीदार कोण, हे मी विचारले नव्हते. पुढच्या वर्षी त्याच गावात जायची मला लाज वाटली.

सदाफुलीला आणखी एक धोका आहे, जो मुसळीला नव्हता. ऑगस्ट २०२२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक संशोधन आले. डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या जे किसलिंग यांच्यासोबत सदाफुलीची जनुके यीस्टमध्ये बसवली. पावाला वापरतो त्याच जातीचे हे यीस्ट. तीसहून अधिक टप्प्यांची साखळी त्यात उभी केली आणि यीस्टकडून व्हिंडोलीन व कॅथरॅन्थिन बनवून घेतले. पुढे ती दोन्ही प्रयोगशाळेत जोडून व्हिनब्लास्टीन केले. मिळालेले प्रमाण लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये होते, एक मिलिग्रॅमही नाही. म्हणजे उद्या सकाळी सदाफुलीचे शेत बंद पडणार, असे नाही. पण पाच-दहा वर्षांच्या हमीच्या गोष्टी करणाऱ्याला हे विचारायला हवे.

यात शेतकऱ्याचे काय होते याचे एक उदाहरण झालेले आहे. हिवतापावरचे आर्टेमिसिनिन हे औषध आर्टेमिसिया नावाच्या वनस्पतीतून निघते. चीन, व्हिएतनाम आणि पूर्व आफ्रिकेत शेतकरी ती लावतात. २००५ च्या सुमारास भाव चढले, सगळ्यांनी लावली, मग भाव कोसळले, लोकांनी लागवड सोडली, पुन्हा टंचाई. ही चढउतार टाळण्यासाठी याच किसलिंग यांच्या यीस्टवर आधारित प्रक्रियेने सनोफी कंपनीने २०१३ मध्ये इटलीत मोठे उत्पादन सुरू केले. पण तोवर शेतातला माल इतका स्वस्त झाला होता की यीस्टचा माल महाग पडला. २०१५ मध्ये उत्पादन थांबले आणि कारखाना विकावा लागला. बातमीत याला शेतीचा विजय म्हटले गेले. मला तसे वाटत नाही. यीस्ट हरले कारण शेतकऱ्याला मिळणारा भाव त्याहून खाली गेला होता.

मग सदाफुली लावायचीच नाही का? तसे म्हणणार नाही. तमिळनाडूच्या कोरड्या दक्षिण जिल्ह्यांत, जिथे तिला नित्यकल्याणी म्हणतात, ती वर्षानुवर्षे शेतात होते. मुळांतले अज्मलिसिन हे रक्ताभिसरणाच्या औषधांसाठी जाते, पूर्वीपासून भारतातून मुळे युरोपात आणि पाने अमेरिका व हंगेरीकडे गेली आहेत. तिथे व्यापारी ठरलेले आहेत, माल गोळा करण्याची पद्धत बसलेली आहे. आपल्याकडे हलके, निचऱ्याचे, मुरमाड रान तिला चालेल, पाऊस कमी असला तरी भागेल. अडचण मातीची नाही, गिऱ्हाइकाची आहे.

खरा खरेदीदार सापडला तर पुढचे सोपे आहे. नर्सरीतल्या रंगीबेरंगी संकरित कुंडीच्या जाती नकोत, त्या फुलांसाठी तयार केलेल्या असतात. लखनौच्या सीमॅप संस्थेचे निर्मल, धवल हे वाण औषधी लागवडीसाठी आहेत. बी ताजे असावे, जुन्याची उगवण पडते. मार्च-एप्रिलमध्ये रोपवाटिका, पावसाच्या सुरुवातीला पुनर्लागण. शेणखत हेक्टरी १० ते १५ टन. पाणी साचू देऊ नका, नाहीतर पायथियम बुरशीने शेंडेमर येते. पाने बारीक होऊन झाड झुडपासारखे झाले तर तो फायटोप्लाझ्माचा रोग, अशी झाडे उपटून टाका. पहिली पाने सहाव्या महिन्यात, दुसरी नवव्या महिन्यात, आणि बाराव्या महिन्यात पूर्ण झाड काढताना तिसरी. मुळांसाठी आधी हलके पाणी देऊन खणा. सगळे सावलीत वाळवा. वाळलेला पाला कडब्याच्या गंजीजवळ ठेवू नका. ओले झाड जनावर टाळते, पण सुका पाला वैरणीत मिसळला तर खाल्ला जाऊ शकतो, आणि तो विषारी आहे.

योजनावाला दारात आला तर मात्र बी-खतावर बोलत बसू नका. माल शेवटी कोणत्या कारखान्यात जाणार, त्याचे नाव आणि पत्ता मागा, आणि त्या कारखान्याला स्वतः फोन करा. करारात पानांचा आणि मुळांचा दर वेगवेगळा, ओलाव्याची मर्यादा, अल्कलॉइडचे किमान प्रमाण, तपासणी कोणती प्रयोगशाळा करणार, माल नापास झाला तर तो कोणाचा, वजन कुठे आणि पैसे किती दिवसांत, हे लिहिलेले असावे. रोपे घेणे बंधनकारक असेल तर तिथेच थांबा. पाने हवी असलेला माणूस तुम्ही बी कुठून आणले याने फारसा बिथरत नाही, फार तर वाण सांगेल. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या ई-चरक संकेतस्थळावर खरेदीदार व विक्रेत्यांची माहिती असते, ती पाहा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात या मंडळाचे पश्चिम विभागाचे सुविधा केंद्र आहे, तिथे विचारता येते.

सांगोल्याच्या भावांनी त्या माणसाला कारखान्याचे नाव लेखी मागितले. तो "साहेबांना विचारून सांगतो" म्हणाला, नंतर फोन उचलेना. त्यांनी दीड एकरात बाजरी केली आणि हौसेने दोन गुंठ्यांत सदाफुलीचे बी टाकले, पाने काढून नमुना तपासायला पाठवायचा म्हणून. आणि ताईंच्या गावातल्या त्या बाईंची उपकेंद्रात उपाशीपोटी साखर निघाली २८०. गोळी पुन्हा सुरू झाली आहे. अंगणातली सदाफुली त्यांनी उपटली नाही, रोज सकाळी देवाला फुले त्याच झाडाची वाहतात असे ताई सांगत होत्या.